पियूषची पुस्तकं

नाही, देणार नाही असं कुठं म्हटलं मी? बस न राखी, उभी काहून? दिग्रसहून एसटीनं आली तू एवढ्या उन्हात, पाणी तरी पी. पाचही भाग आहेत, हे काय, समोरच ठेवले. पियूषनं मोबाईलवर जाहिरात टाकली तेव्हा मले काही विचारलं नाही. पुण्याहून फोन केला फक्त — आई, माझ्या त्या जादूच्या पुस्तकांसाठी कोणी येईन, देऊन टाकजो. मी म्हटलं बरं. आता तू आली, अन् पिशवी भरायचं सोडून मी गोष्टी सांगत बसली. तीन भाग वाचले म्हणते न तू कॉलेजच्या लायब्ररीत? मग तुले समजन.

हे वर्तमानपत्राचं कव्हर पियूषचं नाही, मीच घातलं. आमचे हे ऑफिसातून आले अन् माह्या हातात पाहिलं तर हसतीन म्हणून. पन्नाशी उलटलेली बाई, अन् वाचते काय, तर उलटी वाहणारी नदी अन् बोलणारे बगळे. शेजारच्या विमलताईनं एकदा विचारलं, तर मी पोथी आहे म्हणून सांगितलं. पोथी. अन् त्यांनी पुस्तकाले हात जोडले न बाई. मले तोंड लपवायले जागा नव्हती.

किती वेळा वाचली? जाऊ दे न ते. पहिल्यांदा काढली ती पियूष गेल्यावर, त्याची खोली आवरताना. हा पोरगा दहावीच्या वर्षीही तेच ते काय वाचत होता, पाहू तरी म्हणून. तेव्हा पळत पळतच वाचलं — पुढं काय होते, तो नावेतला पोरगा वारण जगते का मरते. संपलं, अन् हात पुन्हा पहिल्या भागाकडंच गेला. आता शेवट नाही सांगत तुले, पण दगा कोण देते ते एकदा समजलं न, की मग त्याचं पहिल्या भागातलं साधं बोलणंही अंगावर येते. घाटातल्या मुक्कामात वारणच्या अंगावर कोण पांघरूण घालते, आठवते? मी म्हटलं होतं, किती मायाळू माणूस. तोच तो, हो. समजलंच न तुले — सांगून बसली मी. पण ऐक, तरी मजा जात नाही. दुसऱ्यांदा वाचताना मले त्याचा राग आला, कसा ढोंगी आहे म्हणून. अन् तिसऱ्या खेपेले वाटलं, नाही, ते पांघरूण त्यानं खरंच मायेनं घातलं. दगा द्यायचं ठरलं होतं, अन् मायाही होती. हे पहिल्यांदा कसं समजन? तेव्हा तर पान उलटायची घाई.

अन् ती नावाडीण, वारणची माय. तिले तर मी कडक बाईच समजत होती. पोराले नावेत बसवते, जाय म्हणते, अन् झालं. पण त्याच्याखाली एक ओळ आहे — हे पहा, इथं — नाव दिसेनाशी झाली तरी ती गुडघाभर पाण्यात उभीच होती. एवढीशी ओळ, अन् मी दोनदा तिच्यावरून तशीच पुढं गेलती. दिसली त्या दिवशी पुस्तक मिटूनच ठेवलं. कारण पियूष पुण्याले निघाला तेव्हा मी थांबलीच नाही. ट्रॅव्हल्स सुटायच्या आधीच ऑटो करून घरी आली. काम? काही काम नव्हतं. चार लोकांत रडू येईन, म्हणून. अन् निघताना बोलली काय त्याले, तर ती रद्दी नेऊ नको सोबत, बॅग जड होईन. रद्दी म्हटलं मी यांना. त्यानं बॅगेतून काढून पलंगावर ठेवली.

त्याले सांगा म्हणते? कोणत्या तोंडानं सांगू? आयुष्यभर त्या पोराले बोलली, वाचलेलंच काय वाचत बसते म्हणून, अन् आता — थांब, थांब, त्याचाच फोन आहे.

हां, बोल पियूष. हो, आली होती न ती पोरगी. घेऊन गेली. हो, पाचही. मघाच गेली. — अं? एखादं ठेवून घ्यायचं होतं? कोणासाठी रे? — मले? — मी कायले वाचू बाप्पा, मले कुठं सवड आहे. — नाही न, उघडूनही नाही पाहिलं. — हो. — नाही, आवाज बरा आहे, उन्हाचा घसा बसला. जेवला का तू? — बरं. ठेव मग.

अशी पाहू नको माह्याकडं. आण ती पिशवी. नेली म्हणून सांगितलं त्याले, आता ठेवून कशी घेऊ? — नाही, सगळीच घे, एकही नको मले. चौथा-पाचवा वर ठेवते, ते आधी लागतीन तुले. — काही बोलू नको, राखी. जाय तू. गाडी चुकन तुही.