गाणं त्यांचं, फुंक माझी

आमचा जन्म कसबा पेठेतला, आणि जन्मल्यापासून कानावर पडला तो बँडच, कारण वडील बँडात मोठा ढोल वाजवायचे आणि खोली एकच, मग ढोल ठेवायचा कुठं तर आमच्या उशाशी, झोपेत पाय लागला की तो धुम्म करायचा आणि आई अंधारातनं म्हणायची, लागलं बघा कुणाचं तरी लग्न. मला वडिलांनी क्लॅरिनेट दिलं. म्हणाले, ढोल वाहून माझा खांदा गेला, तू काहीतरी हलकं धर. हलकं म्हणे. काय सांगू तुम्हाला, त्या हलक्या नळीनं माझे पुढचे दात नेले आणि छातीतला दमही नेला, पण तक्रार नाही, पोट त्याच्यावर भरलं, पोरगी शिकली, आणि लग्नही त्याच्यामुळंच जमलं. सुमनच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात आमचा बँड होता, तर ही परकरातली मुलगी तरातरा बाहेर आली आणि मला म्हणाली, अहो बँडवाले, हळू वाजवा, आत काही ऐकू येत नाही. पुढं बायको झाली तरी तेच. सराव करत बसलो की स्वयंपाकघरातनं, अहो, हळू वाजवा. शेजाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही, हिनंच केली.

आता बँडातली एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. लग्नात भांडण होतंच. मानपान, रुसवा, कुणाला नारळ मिळाला नाही, काहीही. तर असं भांडण कुठं पेटलं की बँडानं आवाज वाढवायचा. कुणी सांगायचं नाही, बँडमास्तरनं नुसतं बघायचं, की सगळ्यांनी छाती फोडून वाजवायचं. का, तर मुलीच्या बापाची शोभा रस्त्यावर जाऊ नये. लोकांना वाटतं बँडवाल्यांना अक्कल नाही, इथं माणसं भांडतायत आणि हे वाजवतायत. अहो, त्यासाठीच वाजवतायत. रक्तातच भिनलंय ते.

तेव्हा टीव्हीवर एक विनोदी मालिका चालायची, ‘बिऱ्हाड तिसरा मजला’. तुम्ही लहान असाल. तिच्यात तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूचं लग्न असतं, बँड लागलाय, वऱ्हाड नाचतंय, आणि नवरीच आलेली नाही, असा तो प्रसंग. शूटिंग इथंच पुण्यात, एका मंगल कार्यालयात होतं, आणि बँड म्हणून आम्हालाच बोलावलं होतं. डायरेक्टर म्हणाले, कुठलंही गाणं वाजवा, जे लोकांना नाचवतं ते. आम्ही त्या वर्षीचं सिनेमातलं जे गाणं प्रत्येक वरातीत वाजत होतं तेच काढलं, दुसरं कशाला काढू. सुमन माझा डबा घेऊन आली होती. डायरेक्टरांनी तिला बघितलं, म्हणाले, ताई, तुम्ही वऱ्हाडात उभ्या राहा, आणि सगळे नाचत असताना एकच बोला, अहो, पण नवरी कुठाय? बास. ही डबा हातात धरून तेवढंच घोकत उभी.

आम्हाला बजावून ठेवलं होतं की मुलाचा बाप चिडून ओरडायला लागला की बँड हळू करायचा. हो हो म्हणलं आम्ही. आणि खरोखर तो नट ओरडायला लागला, इतका चांगला ओरडला की मास्तरनं आमच्याकडं बघितलं आणि आम्ही सगळ्यांनी गालफडं फुगवून दुप्पट जोरात सुरू केलं. काय करणार, भांडण पेटलं होतं! डायरेक्टर हात हलवतायत, आम्हाला वाटलं, अजून जोरात. पण युनिटमधले लोक हसून हसून लोळायला लागले, मग डायरेक्टरांनी तसंच ठेवलं. सुमनचं वाक्य त्या गदारोळातसुद्धा ऐकू आलं, कारण शेवटी तिनं ते जवळजवळ किंचाळूनच टाकलं. घरी येताना ती मला म्हणाली, मी तुम्हाला काय म्हणलं ते ऐकलंत का? मी म्हणलं, कधी? ती म्हणाली, जाऊ द्या. ते तिथंच राहिलं.

मालिका लागली त्या दिवशी सगळी गल्ली आमच्याकडं होती, आणि पुढं कितीतरी दिवस मंडईत भाजीवाल्या तिला बघितलं की ओरडायच्या, अहो, पण नवरी कुठाय? ही लाजायची आणि मेथीची जुडी उगाच उलटसुलट करत बसायची.

सुमन गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. फोटो आहेत, पातळं आहेत, तिनं माझ्या लाल कोटाला लावलेली सोनेरी झालर आहे. पण आवाज कुठनं आणायचा? तेव्हाच्या फोनवर नुसतं बोलायचं, बोललेलं राहायचं नाही. या जगात तिचा आवाज एकाच ठिकाणी होता, त्या मालिकेत, त्या एका वाक्यात. मालिका परत लागली नाही. गल्लीत एकानं टीव्हीवरनं कॅसेट भरून घेतली होती, तिला बुरशी आली.

मग परवाच्या दिवाळीत रेखा, आमची मुलगी, धावत आली, बाबा, मालिकेचा संच निघालाय, सगळे भाग पेनड्राइव्हवर, टीव्हीला मागनं लावायचा की झालं. मला रात्री झोप नाही. मी शेजारपाजार सगळा बोलावला, रेखानं शिरा केला, आणि मी तो लाल कोट घातला. हसू नका, घातला खरा.

तो भाग आला. मंगल कार्यालय आलं. आम्ही आलो, मी आलो, काळेभोर केस, गाल फुगलेले, बोटं चाललीयत, आणि त्या क्लॅरिनेटमधनं जो आवाज आला ना, तो माझा नव्हता. अहो, क्लॅरिनेटचाच नव्हता. कुठल्या तरी इलेक्ट्रॉनिक पेटीचा टिंगटिंग टिंगटिंग आवाज, लहान मुलांच्या खेळण्यातला. मी आपला स्वतःच्या तोंडाकडं बघतोय. आपल्याच तोंडातनं परक्याचा आवाज येताना तुम्ही कधी बघितलंय का? मुलाचा बाप ओरडतोय तर त्याचाही आवाज नाही, नुसता जबडा चाललाय. खोलीत कुणी हसेना. आणि मग सुमन आली. हातात डबा. तोंड उघडलं, मिटलं. टिंगटिंग टिंगटिंग. गेला प्रसंग.

मी म्हणलं, मागं घे. रेखानं मागं घेतलं, परत तेच. परत घे म्हणलं. शेजारचे एकेक करून उठून गेले, शिरा तसाच राहिला. खरं सांगतो, तिला दवाखान्यात नेलं तेव्हा ती जाणार हे मला ठाऊक होतं, मनाची तयारी होती. याची नव्हती.

रेखानं शोधून काढलं की जुन्या मालिका साफसूफ करणारी ती कंपनी हिंजवडीत आहे, मग गेलो दोघं. आत काचेची दारं आणि थंडगार हवा, आणि एक मॅडम आल्या, रेखापेक्षाही लहान. त्यांनी चांगलं बसवलं, पाणी दिलं, समजावून सांगितलं. म्हणाल्या, काका, त्या गाण्याचे हक्क एका संगीत कंपनीकडं आहेत. तेव्हा परवानगी घेतली ती फक्त टीव्हीवर दाखवायची, लोकांना घरी विकत द्यायची वेगळी लागते, ती तेव्हा कुणी मागितलीच नाही, कारण मालिका घरी विकता येते हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आता मागितली तर ती आमच्या मालकांना परवडली नाही. म्हणून दुसरं संगीत घातलं. मी म्हणलं, गाणं त्यांचं असेल, पण फुंक माझी होती ना? त्या म्हणाल्या, फुंक तुमची, पण चाल त्यांची. बरं, हेही कबूल केलं. मग मी विचारलं,

“मॅडम, गाणं त्या कंपनीचं. पण आमची सुमन कुठल्या कंपनीची होती? तिला का काढलं?”

त्या म्हणाल्या, काका, माईक एकच होता. संवाद आणि बँड एकमेकांत मिसळलेत, आणि बँड इतका जोरात आहे की त्यातनं माणसं सुटीच होईनात, म्हणून त्या प्रसंगाचा सगळाच आवाज काढावा लागला. रेखानं माझ्याकडं बघितलं. मी खाली फरशीकडं बघितलं.

त्यांना सगळं सांगितलं, भांडणाची रीतही सांगितली. त्यांना हसू आलं आणि डोळ्यात पाणीही आलं. म्हणाल्या, ते काम जुन्या पद्धतीनं झालं होतं, आता आवाज वेगळे करणारं नवीन काहीतरी आलंय, बघते. मला वाटलं, वाटेला लावतायत. पण माणूस कसं असतं बघा, थोड्या दिवसांनी त्यांचाच फोन आला, या म्हणून.

कानाला ते मोठे हेडफोन लावले. आधी मुलाचा बाप ओरडला, स्वच्छ. पायांचा आवाज, बांगड्यांचा आवाज. बँड कुठंच नाही. पडद्यावर मी फुंकतोय जीव खाऊन आणि ऐकू काहीच येत नाही. आणि मग अगदी जवळनं, मागं उभी असल्यासारखी,

“अहो, हळू वाजवा ना. माझं वाक्य आलंय.”

मी मागं वळून बघितलं. खरंच बघितलं, त्या काचेच्या खोलीत. मागं रेखा उभी होती, तिनं विचारलं, काय झालं बाबा? हे टीव्हीवर कधी कुणी ऐकलंच नव्हतं, आमच्या बँडाखाली दबलेलं होतं, जाऊ द्या म्हणाली होती ते हेच. तिला आयुष्यात एक वाक्य मिळालं होतं आणि ते बोलायच्या आधी तिला मला गप्प करावं लागलं. अंगावर काटा आला तो अजून जात नाही, हे बघा. आणि मग तिचं ते वाक्य, किंचाळून, अहो, पण नवरी कुठाय? मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. पहिल्यांदा तेवढंच पुरलं.

नवीन संच निघाला त्यात तो प्रसंग आता दुरुस्त आहे. मी मॅडमना म्हणलं होतं, कृपा करून तिथं टिंगटिंग घालू नका, मोकळं राहू द्या. त्यांनी साहेबांशी वाद घालून ते मोकळं ठेवलं. देव त्या पोरीचं भलं करो, तिच्या घरी कधी कार्य निघालं तर मी कवळी लावून का होईना, वाजवायला जाणार आहे.

रोज नाही, पण मनात आलं की संध्याकाळी मी तो भाग लावतो. घरात वाजवायला परवानगी लागत नाही, मी मॅडमना मुद्दाम विचारून घेतलंय. पडद्यावर बँड फुंकायला लागला की इकडं मीही क्लॅरिनेट उचलतो आणि तेच गाणं वाजवतो, दम नाही त्यामुळं आपोआप हळूच वाजतं. ती म्हणते, हळू वाजवा ना. मी आणखी हळू करतो. मग तिचं वाक्य येतं, तेव्हा मी क्लॅरिनेट ओठावरनं काढून मांडीवर ठेवतो आणि म्हणतो, बोल.