तीनच आठवड्यांचा दौरा

ताथवड्यातल्या दातांच्या दवाखान्यात शेजारचं जोडपं भांडायला लागलं, तशी नीलाताईंनी कवळीची डबी पर्समध्ये टाकली आणि कान टवकारले.

"सारखा परदेशी जातोस तर वर्षाचा विमा काढ, असं एजंट म्हणाला आणि तू लगेच हो म्हणालास?"

"योगिनी, हळू बोल. दरवेळी वेगळा काढण्यापेक्षा बरा पडतो."

"अटी वाचल्यास? एका दौऱ्याला तीसच दिवस चालतो तो. तू तीस दिवसांत कधी परत आलायस?"

"साहेब तीन आठवडेच सांगतात गं."

"आणि चाकणहून पाठवलेलं मशीन तिकडं चालू झालं नाही की तुझा मुक्काम वाढवतात! मागच्या वेळी विमा संपला, दाढ सुजली, आणि परत येईपर्यंत गोळ्या गिळत बसलास. साहेबांना एका शब्दानं बोललास?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"बोला सर... पोलंडला? हो हो, निघतो की. काही अडचण नाही."

"किती दिवस?"

"तीनच आठवडे. या वेळी पक्कं म्हणालेत."

"निरंजन, आज एकच दाढ काढायचीय ना? सगळी बत्तिशी काढून घे. तिकडं दुखायला काही शिल्लकच नको!"