नऊ वर्षं पुरलेली टाकी

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न. पाप जमिनीत पुरलं, वर छान फरशी घातली — म्हणजे संपलं का? माना काय हलवताय? आधी ऐका, मग हलवा!

एक होते दिनकरशेठ वाळिंबे. हमरस्त्याला पेट्रोल पंप. पुढे पंप बंद झाला. जमिनीखालची टाकी काढायला हवी होती, पण शेठ म्हणाले, "खाली कोण बघतंय?" वर मंगल कार्यालय बांधलं. वाः! खाली सडतंय आणि वर सनई!

मागेच अनसूयाबाई लोखंड्यांची विहीर. नऊ वर्षांनी म्हशीनं पाण्यात तोंड घातलं — आणि मागे घेतलं. मुक्या जनावराला कळलं हो! बाई कार्यालयात गेल्या. लग्न चालू.

"शेठ, विहिरीला पेट्रोलचा वास येतोय."

शेठ म्हणतात कसे — "मावशी, नाकाला औषध घाला!"

अख्खी पंगत हसली. वास त्यांनाही येत होता बरं का! पण पानात जिलबी होती ना!

बाईंनी अर्ज केला. तपासणीला प्रदूषण मंडळाच्या मुजावर मॅडम आल्या. कार्यालयाभोवती जमिनीत चार नळ्या खोल उतरवल्या — दर तीन महिन्यांनी पाणी काढायचं, तपासायचं. पहिल्याच बाटलीत पेट्रोल! शेठनी काय करावं? टाकी काढावी? छे! पुढच्या तपासणीच्या सकाळी टँकर बोलावला आणि चारी नळ्यांत चांगलं पाणी ओतलं. काय अक्कल! परीक्षा आजाऱ्याची, रक्त पैलवानाचं!

मॅडमनी पाण्याची पातळी मोजायला नळीत फीत सोडली. लगेच ओली.

"शेठ, वैशाख आहे. गावातल्या विहिरी तळाला गेल्यात. तुमच्याच नळ्या काठोकाठ?"

"देवाची कृपा, मॅडम!"

ऐकलंत? चोरी याची, नाव देवाचं! तेवढ्यात अनसूयाबाई विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन आल्या. "कृपा आहे ना? मग घ्या घोटभर."

शेठ तांब्याकडे बघतात. हात काही पुढे येत नाही. मॅडमनी तिथल्या तिथे पंचनामा केला, टाकी काढायचा हुकूम निघाला.

कार्यालय पाडलं. टाकी निघाली — नुसती चाळण! काळी माती उचलून नेली. चार वर्षं झाली, पाणी उपसतात, गाळतात, तपासतात. शेठ गाव सोडून गेले. आणि अनसूयाबाई? पासष्टीला आल्या, पण अजून पलीकडच्या वस्तीवरून हंडा आणतात. टाकी काढायला दोन दिवस लागले, मंडळी. पाण्यातून ते विष अजून निघत नाही!

हसलात ना शेठला? पोटभर हसलात! मग येताना मी पुलावर पाहिलं ते सांगू? ट्रॅक्टरचं जळकं ऑइल, डबाच्या डबा, ओढ्यात उपडा करत होते. कोण? पुढच्याच रांगेत बसलेत, बुक्का लावून! नाव घेऊ?

खाली काय बघताय? वर बघा, देवाकडे. आता करू या नामाचा गजर — ऐकू दे, कुणाकुणाचा आवाज फुटतो!