बिडाच्या कांबी आणि बंद दार

अध्यक्षस्थानी विराजमान झालेले आमचे गिरणीमालक श्रीमान व्यंकटराव, व्यासपीठावरील मान्यवर मंडळी, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती अन्सार मिस्त्री, समोर बसलेल्या बिलकीसभाभी, आणि आखाडा बाळापूरच्या बंधूभगिनींनो,

मी तातेराव, गिरणीचं इंजन चालवतो. इंजनाशेजारी ओरडून बोलायची सवय आहे, तेव्हा आवाज चढला तर सांभाळून घ्या. मिस्त्री आज बिऱ्हाड घेऊन निजामाबादला मेव्हण्याकडे निघालेत. आधीच्या वक्त्यांनी त्यांच्या हातातल्या कसबाचं भरभरून कौतुक केलं. मिस्त्री गाव का सोडून राहिलेत, हे मात्र कोणीच काढलं नाही. ते शालीखाली झाकायचं ठरलं असेल, तर मला बोलायला उठवायचं नव्हतं.

यंदाचा उन्हाळा आठवा. रझाकारांची धास्ती, वाटा बंद, हैदराबादहून येणारं सामान बंद. त्यातच इंजनाचे बुश झिजले. इंजनाचा दांडा ज्या जाड नळीत फिरतो, तो बुश. गिरणी थांबली आणि घरोघर पुन्हा जाती घरघरू लागली. आयाबायांनो, तुमचे दंड तेव्हा किती दुखले, हे मी सांगायला हवं का?

मालकांच्या कोठारात दोन्ही तऱ्हेच्या कांबी होत्या, पोलादाच्या आणि बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या. मालक म्हणाले, पोलाद दणकट, त्याचाच बुश करा. मिस्त्री म्हणाले, "मालक, पोलाद कापताना तेल सोडावं लागतं, न्हाई तर कापायचं हत्यार जळतं. तेल कुठून आणता? बीड कोरडंच कटतं, जल्दी होतं, आन दांड्यालाबी खात न्हाई." मालकांनी ऐकलं. कांबी त्यांनी स्वतः काढून दिल्या. मी तिथंच उभा होतो.

मिस्त्रींचा लेथ हातानं फिरवायचा. मोठं चाक माझ्याकडे होतं, म्हणून हे दंडानं शिकलेलं सांगतो. पोलाद लावलं की चाक जड जातं, लांब वेटोळी निघतात, ती हत्याराला गुंडाळतात, घडीघडी थांबावं लागतं. बिडाला चाक हलकं जातं आणि निघतो तो नुसता काळा भुसा. फक्त वरची साल चिवट. भीतभीत वरवर काप घेतला तर हत्याराचं तोंड जातं, म्हणून मिस्त्री पहिलाच काप सालीच्या खाली घ्यायचे. पोलादाचा एक बुश व्हावा तेवढ्यात बिडाचे दोन सहज निघत. मग पुढच्या हंगामासाठीही चार जास्तीचे करून ठेवू, असं मालकच म्हणाले.

आता दाराचं सांगतो. तो भुसा कोरडा, वाऱ्यानं उडून डोळ्यात जातो. म्हणून मिस्त्री दार लावून घ्यायचे. आणि त्यांची रीत अशी, की हातभर कांबीला आधी आरपार भोक पाडायचं, मग तिचे बुश तोडायचे. खिडकीतून डोकावणाऱ्याला काय दिसलं? दार बंद, आत मुसलमान मिस्त्री, आणि हातात लोखंडाची नळी. झालं! अन्सार रझाकारांसाठी बंदुका करून राहिला, असं गावभर झालं. अहो, बिडाची बंदूक पहिल्याच बाराला फुटेल आणि धरणाऱ्याचंच तोंड घेऊन जाईल. पण विचारतो कोण?

बुश झाल्यावर मी धास्तीनं लेकरंबाळं घेऊन पैनगंगेपलीकडे सासुरवाडीला गेलो होतो. पोलीस ॲक्शन झाल्यावर परत आलो, तर मिस्त्रींचा लेथ फोडलेला आणि भाभी शेजारच्या सोनाजीच्या घरी आसऱ्याला. सोनाजीनं चावडीवरचं सांगितलं. जमावानं मिस्त्रींना मधोमध बसवलं होतं. ते एवढंच म्हणत होते, "मालकाला पुसा. कांबी त्यांनीच दिल्या." मालकाला पुसलं. मालक म्हणाले, "दार लावून तो काय करत होता, आमाला काय ठाऊक?"

कोणी खाकरू नका. मला बोलू द्या.

व्यंकटराव, तुमचं मीठ मी खाल्लंय. त्या दिवसांत भीती कोणाला नव्हती? कांबी मी दिल्या म्हटलं असतं, तर जमाव तुमच्या दारात आला असता, हे मलाही कळतं. आजचा सोहळा तुम्हीच ठेवलात, म्हणजे मनाला कुठंतरी लागलंय. पण मिस्त्री ज्या गावाला जातील तिथं हा बोभाटा त्यांच्या आधी पोचेल. शाल पांघरून तो पुसला जाणार नाही. तो तुमच्या तोंडच्या एका वाक्यानं पुसला जाईल. बैलगाडी बाहेर जुंपलेली आहे. मी थांबा म्हटलं, तर मिस्त्री नुसते हसले. माझ्या शब्दानं ते थांबायचे नाहीत.

मंडळी, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, मी तुमचा ऋणी आहे. भाभी, तुम्ही या गावात अजून बसून आहात, हे तुमचे उपकार. मानपान सोडून काही बोललो असेन, तर लहान समजून पदरात घ्या. सूत्रसंचालकांनी आता शाल देण्याचं पुकारू नये. आधी अध्यक्षांना बोलायचं आहे.

उठा, मालक.