मी हरवले नव्हते

जबाब देणार: स्त्री, वय २९, अविवाहित, धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याच्या लॅबमध्ये नोकरी, राहणार स्टेशनामागच्या गल्लीत, लॉन्ड्रीच्या वरची खोली.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी भाड्याने राहते. आई-वडील हयात नाहीत. थोरला भाऊ व वहिनी दुसऱ्या शहरात असतात. माझ्याबद्दल आज सकाळी आलेली हरवल्याची तक्रार मला वाचून दाखवली. त्यात नावाच्या जागी ‘खिडकीजवळची मुलगी’ असे आहे. वर्णन माझेच आहे. परंतु मी हरवले नव्हते. मी माझ्या खोलीतच होते.

मला पदव्युत्तर शिक्षणाला जायचे आहे. त्यासाठीच्या प्रवेश परीक्षेत मागच्या वर्षी मला थोडेच गुण कमी पडले, म्हणून यंदा पुन्हा बसले. भावाला फोनवर कळवले तेव्हा तो म्हणाला, “परत तीच परीक्षा? हात दाखवून अवलक्षण कशाला?” वहिनी मागून म्हणाली, “बसू दे हो, तिला दुसरं आहे काय?” त्यानंतर मी फोन केला नाही. त्यांचाही आला नाही.

लॅब सुटल्यावर मी रोज वाचनालयात खिडकीजवळ बसत असे. तक्रारदार बाई समोरच्या खुर्चीवर बसतात. वय अंदाजे पन्नास. डोक्यावर पंख्याचा वारा लागतो म्हणून लोकरीची टोपी घालतात, त्यामुळे सगळे त्यांना टोपीवाल्या बाई म्हणतात. त्याही हीच परीक्षा देतात, ही त्यांची तिसरी खेप. आमच्यात बोलणे असे नव्हते. “पंखा कमी करू का?” “राहू दे गं.” एवढेच. मला उशीर झाला तर त्या माझ्या खुर्चीवर पिशवी ठेवत.

गेल्या आठवड्यात निकाल लागला. मी तो लॅबमध्ये पाहिला. गुण मागच्या वेळेपेक्षाही कमी होते. हातातली कवळी पूर्ण केली, हात धुतले, घरी आले. दार लावले व फोन बंद केला. दुसऱ्या दिवसापासून कामावर गेले नाही. लॅबमधून कोणी चौकशीला आले का, असे विचारल्यावरून सांगते की, नाही.

काल संध्याकाळी दार वाजले. बाहेरून आवाज आला, “अगं, मी आहे, टोपीवाली. वाचनालयातल्या शिपायाला तुझं नाव नाही, पण खोली ठाऊक होती. आत आहेस ना?” मी आत होते. उत्तर का दिले नाही, असे विचारल्यावरून सांगते की, कोणी हाक मारेल असे वाटले नव्हते, त्यामुळे काय बोलायचे ते सुचले नाही. त्या बराच वेळ पायरीवर बसल्या होत्या. मग गेल्या.

आज सकाळी हवालदारांनी कडी तोडून दार उघडले. मी जागी होते, भिंतीला टेकून बसले होते. मी स्वतःला कोणतीही इजा करून घेतलेली नाही. हवालदारांनी नाव विचारले तेव्हा मी परीक्षेचा आसन क्रमांक सांगितला. ते चुकून झाले. कडी तोडल्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

ठाण्यातून भावाला फोन लावला. तो म्हणाला, “धडधाकट आहे ना? मग झालं.”

तक्रारदार बाई बाकावर बसलेल्या होत्या. माझा शोध का घेतला, असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, “अगं, माझा निकाल मी अजून पाहिलाच नाही. एकटीने बघायचा धीर होईना. आणि तुझी खुर्ची रिकामी.” त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. मी पाहिले. त्या उत्तीर्ण आहेत. मी तसे सांगितले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली व विचारले, “आणि तुझं?”

मी म्हणाले, “कमी आले.” हे मी प्रथमच कोणाला सांगितले.

त्या म्हणाल्या, “बरं. ऊठ, तोंड धू. माझ्या घरी चल. जेव, झोप. पुढचं पुढे बघू.” मी स्वखुशीने त्यांच्यासोबत जात आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला व तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. ‘सोबत कोणी नाही’ असे हवालदारांनी अगोदर लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे. बाकी सर्व बरोबर.