पलंग की खुर्ची

वकील : चार पाय, दोन हात, एक पाठ. ही आरामखुर्ची. यात वाद कसला?

बायको : अहो, महिनाभर रात्रीही तुम्ही हिच्यातच आहात. ज्यावर माणूस झोपतो ती खाट.

वकील : मग कोर्टातली बाकडी खाटाच म्हणायची. माझी निम्मी अशिलं तिथेच घोरायची.

लेक : बाबा, पुरे. किती धाप लागतेय! ती माणसं पलंग घेऊन खाली खोळंबलीत.

वकील : खोळंबू देत. दवाखान्याचा पलंग माझ्या घरात येणार नाही. दादा त्याच्यावर निजला तो उठलाच नाही.

बायको : मोठ्या भावजींचं दुखणं वेगळं होतं.

वकील : पलंग हाच होता.

लेक : आडवं झालात की श्वास कोंडतो, बसून बसून पाय सुजून खांब झालेत. डॉक्टर म्हणाले...

बायको : थांब गं. यांना डॉक्टर नाही, युक्तिवाद लागतो. अहो, कळ दाबली की त्या पलंगाची पाठ उभी राहते. दोन बाजूंना कठडे, म्हणजे हात. पाय चार. तुमच्याच व्याख्येनं खुर्ची!

वकील : चाकं आहेत त्याला. चाकं असतात ती गाडी.

बायको : बघ! लग्न झाल्या झाल्या माझ्या माहेरच्या ट्रंकेला यांनी बाक ठरवलं, वर ठाण मांडून जेवले. तेव्हापासून एकदा हार मानली असेल तर शपथ.

लेक : आणि तू खतपाणी घाल.

बायको : अगं, भांडतायत तोवर मला धीर असतो.

वकील : (बराच वेळ नुसता श्वास घेत) पाणी.

बायको : घ्या. सावकाश... तर गाडी म्हणता. तुमच्या ऑफिसातल्या खुर्चीलाही चाकं होती की.

वकील : होती.

बायको : मग ती गाडी का?

वकील : नाही. खुर्चीच.

बायको : मग हा पलंग?

वकील : बरं. खुर्ची म्हण. आणा वर.

लेक : आई, जिंकलीस! सांगते त्यांना.

बायको : जाऊ नकोस, थांब. अहो, असं कसं? कठडे म्हणजे काही हात नव्हेत. म्हणा ना तसं.

वकील : तुझं बरोबर आहे.

बायको : नाही हो. साफ चूक आहे माझं. वकीलसाहेब, भांडा ना.