गिरडच्या पडद्यावरचं शून्य

समारंभाचे अध्यक्ष माननीय मनोहररावजी, मंचावरील पाहुणे मंडळी, आज सेवानिवृत्त होणारे रूपरावजी, त्यांच्या सौभाग्यवती धुरपताबाई, आणि जेवण थांबवून बसलेले माझे सहकारी,

रूपरावजींच्या तीस वर्षांच्या सेवेविषयी आधीचे वक्ते बोललेच. गेल्या वर्षीच्या ठपक्याचा उल्लेख कुणी केला नाही. ते सौजन्य झालं. मला मात्र तो करावा लागेल.

आपल्या क्षयरोग सर्वेक्षणाची यादी ठेवणारा प्रोग्रॅम मी इथल्या कॉम्प्युटरवर लिहिला. अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात तो गिरड केंद्रावर नेला. तिथे रूपरावजींनी स्वतः भरलेली तीनशे बारा रुग्णांची फ्लॉपी घातली, आणि पडद्यावर आलं: एकूण रुग्ण शून्य.

"रूपरावजी, फ्लॉपी धुतली का काय निरम्यानं?" सोबत आलेले आपले बबनराव म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

रूपरावजी एवढंच बोलले, "सर, म्या काई पुसलं नाई. तुमची मशीन भलतीकडेच पाहून राह्यली."

यादी पुसल्याचा लेखी ठपका त्यांना मिळाला. गावोगाव फिरून त्यांनी यादी पुन्हा केली. दोन महिने लागले.

यंदा मार्चमध्ये कपाट आवरताना ती फ्लॉपी सापडली. इथे प्रोग्रॅमशिवाय थेट उघडून पाहिली, तर तीनशे बाराही नावं जागेवर. मग प्रोग्रॅम वाचला. यादीचा पत्ता मी त्यात कायमचा लिहून टाकला होता, माझ्या मशीनच्या आतल्या डिस्कचा. गिरडला यादी होती फ्लॉपीवर. पिपरी मेघेतल्या माझ्या घराचा नंबर घेऊन कुणी गिरडमध्ये हिंडावं, तसं झालं. आणि त्या पत्त्यावर यादी नसेल तर नवी कोरी उघड, ही आज्ञाही माझीच. प्रत्येक मशीनवर यादी एकाच जागी कशी असेल, हे मला का सुचू नये?

प्रोग्रॅम त्याच दिवशी दुरुस्त केला. आता तो यादी कुठे आहे, हे आधी विचारतो. ठपक्याबद्दल मात्र नऊ महिने गप्प राहिलो. योग्य वेळ पाहतो आहे, असं स्वतःला सांगत आलो. खरं होतं का ते? मला नाही वाटत. आता थकलो आहे.

उद्या रूपरावजींचं सेवापुस्तक वरच्या कार्यालयात जाईल. त्याआधी तो ठपका रद्द करून माझ्या नावे लिहावा, असा अर्ज अध्यक्षांपुढे ठेवतो.

काल हे मी रूपरावजींना सांगितलं. म्हणाले, "मले अंदाज होता, सर. पण घरी हिले सांगा. हिले अजूनबी वाटते, म्याच पुसलं."

धुरपताबाई, त्यांनी एकही नाव पुसलं नाही.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. निरोपाच्या प्रसंगी हे बोलण्यात औचित्य सुटलं असेल, तर तेवढं पदरात घ्यावं. बाकीची माफी मी या सभेकडे मागत नाही.